बिल कचेरीत, गळती कारखान्यात

(पालघरच्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच तरुण धारातीर्थी पडले. पागधरे, ठाकूर, चुरी, तिवारी आणि मोरे. त्यांची गावे सातपाटी, नांदगाव, मुरबे, पालघर आणि सालवड. त्यांतले सालवड आज तारापूर औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात आहे. जिथे शेती आणि गुरचरण होते तिथे कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने, रसायनांचे आणि औषधांचे प्लांट, पोलादाचे उद्योग उभे राहिले. बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांच्या लोंढ्यावरूनच या वसाहतीचा आवाका कळतो. त्या पाच जणांच्या स्मृतीचे व्याख्यान वीजबचतीवर का, असे कोणाला वाटेल. या भूमीने देशाच्या विजेसाठी जे मोजले आहे, ते पाहिले की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

भारतातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरचे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. ती वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत वाटली जाई. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली घरे, वाड्या आणि समुद्राकाठची जागा सोडावी लागली. उत्तरेला डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. म्हणजे मुंबईला आणि पश्चिम भारताला जाणारी वीज या किनाऱ्यावर तयार होते, आणि तिच्यासाठी गावे उठली ती इथली. भारनियमनाच्या वर्षांत याच तालुक्यांतल्या घरांतले दिवे तासन्‌तास बंद असत, हेही इथले लोक विसरलेले नाहीत. म्हणून कारखान्यात फुकट जाणारी वीज हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न राहत नाही.

तरीही सुरुवात खिशापासूनच करणे बरे, कारण कारखानदाराला तीच भाषा आधी पटते.

तारापूरच्या कुठल्याही मध्यम कारखान्यात दर महिन्याला वीजबिल येते. ते अकाउंट्स विभागात जाते. तिथला माणूस रक्कम पाहतो, मुदत पाहतो, सवलत चुकू नये म्हणून वेळेत भरतो आणि कागद फाइलला लावतो. त्याच वेळी शंभर पावलांवर, शॉप फ्लोअरवर, एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतो, एका पाइपातून हवा फुसफुसत असते, एक मोटर कामाविना फिरत असते. व्हॉल्व्हवर ज्याचा हात आहे त्याने आयुष्यात कधी बिल पाहिलेले नसते आणि बिल भरणाऱ्याने तो व्हॉल्व्ह पाहिलेला नसतो. या वसाहतीतली ऊर्जेची बहुतेक नासाडी या शंभर पावलांत होते. महागडी यंत्रे, सौर पॅनल, सल्लागार या साऱ्यांचा विचार त्यानंतरचा. आधी हे अंतर मिटले पाहिजे.

दाबाखालच्या हवेचेच उदाहरण घ्यावे. कारखान्यात हवा फुकट मिळते, पण कंप्रेसरमधून निघालेली हवा ही तिथली सर्वांत महागडी वस्तू असते. कंप्रेसर जेवढी वीज घेतो तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो, कामाला येतो तो जेमतेम दहावा हिस्सा. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक पडले तर तेवढ्या गळतीसाठी कंप्रेसरला सुमारे साडेतीन किलोवॅट वीज खावी लागते. कारखाना चोवीस तास आणि वर्षातून तीनशे दिवस चालत असेल तर ही पंचवीस हजार युनिटे झाली. युनिटचा दर आठ रुपये धरला तरी दोन लाख रुपये! तीन मिलिमीटर म्हणजे जेमतेम अगरबत्तीएवढे भोक. अशी एखाद-दुसरी गळती नसते. देखभाल नसलेल्या कारखान्यात तयार हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा गळतीतच जाते, असा ऊर्जा लेखापरीक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

ही गळती मोजायला कोणतेही उपकरण विकत आणावे लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवावीत, हवेच्या लाइनी मात्र नेहमीसारख्या उघड्या ठेवाव्यात आणि एकटा कंप्रेसर चालू करावा. हवा वापरणारे कोणीच नसल्याने दाब भरला की तो अनलोड व्हायला हवा आणि तसाच राहायला हवा. पण गळती असली की दाब उतरतो आणि कंप्रेसर पुन्हा लोड घेतो. घड्याळ लावून बसावे. तो दोन मिनिटे लोडवर आणि सहा मिनिटे अनलोडवर राहत असेल, तर आठ मिनिटांतली दोन मिनिटे तो केवळ गळतीसाठी राबतो आहे. म्हणजे क्षमतेच्या पंचवीस टक्के गळती. मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन एक माणूस सांधे, होज, रेग्युलेटर तपासत फिरला की बुडबुडे आपोआप जागा दाखवतात. दुरुस्तीला लागतात ते बहुधा टेफ्लॉन टेप, एखादी क्लिप, एखादे नवे कपलिंग. त्यानंतर दाबाकडे वळावे. पाच बारवर चालणाऱ्या यंत्राला सात बारची हवा दिली जात असेल, तर एक बार दाब कमी केल्यानेही कंप्रेसरची सहा ते दहा टक्के वीज वाचते. आणि अंगावरची धूळ झटकायला हवेची नळी वापरण्याची सवय तर बंदच व्हायला हवी. ती महाग आहे आणि डोळ्यांना धोक्याचीही आहे.

डाइंग हाऊसमध्ये विजेपेक्षा वाफेचा खर्च मोठा. कोळसा, ब्रिकेट किंवा गॅस जाळून बॉयलर वाफ करतो आणि ती वाफ कापड रंगवणाऱ्या जेट मशीनपर्यंत पोचेपर्यंत वाटेतच तिचे काय काय होते हे पाहण्यासारखे असते. फ्लँजवरचे उष्णता रोखणारे लॅगिंग दुरुस्तीच्या वेळी काढलेले असते आणि परत बसवलेले नसते. स्टीम ट्रॅप उघडा अडकलेला असतो आणि त्यातून जिवंत वाफ गटारात जाते. पावसाळ्यात तारापूरच्या कारखान्यांमागच्या नाल्यांवर दिसणारा पांढरा धूर पुष्कळदा याच वाफेचा असतो. जेट मशीनच्या हीट एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारे कंडेन्सेट हे स्वच्छ, मऊ आणि नव्वद अंशांच्या आसपास तापलेले पाणी. ते बॉयलरच्या टाकीत परत नेले की फीड वॉटरचे तापमान वाढते. दर सहा अंश वाढीमागे सुमारे एक टक्का इंधन वाचते, हा बॉयलरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. तीस अंशांचे पाणी साठ अंशांवर गेले तर पाच टक्के. चिमणीतून जाणाऱ्या धुराचे तापमान बावीस अंशांनी उतरवले तर आणखी एक टक्का. बॉयलरच्या नळ्यांत साचलेले पापुद्रे आणि बाहेरून बसलेली काजळी या दोन्ही गोष्टी इंधन खातात. म्हणून पाण्याचा कडकपणा तपासणारा माणूस हा इंधन वाचवणारा माणूस असतो.

कापड वाळवणाऱ्या स्टेंटरवरची एक गोष्ट मात्र थोडी सावकाश पाहिली पाहिजे. ओल्या कापडातले एक किलो पाणी वाफ करून उडवायला सहाशे किलोकॅलरीहून जास्त उष्णता लागते. तेच पाणी मँगलच्या रोलरमध्ये दाबून पिळून काढायला त्याच्या तुलनेत नगण्य वीज लागते. म्हणजे मँगलचे रबर झिजले, दाब कमी पडला आणि कापड जरा जास्त ओले स्टेंटरमध्ये गेले, की इंधनाचे बिल चढते. उलट बाजूही आहे. सुती कापडात हवेतला सुमारे साडेआठ टक्के ओलावा नैसर्गिकरीत्या राहतो. ऑपरेटरने खबरदारी म्हणून कापड कोरडे ठक्क केले तर गोदामात ते हवेतला ओलावा परत ओढून घेते आणि त्या जास्तीच्या वाळवणीचा पैसा वाया जातो. कापड बाहेर पडताना त्यातला ओलावा मोजणारे मीटर बसवावे, तोवर अनुभवी ऑपरेटरच्या बोटांवर विश्वास ठेवून त्याला वेग वाढवायची मुभा द्यावी. जेटमध्ये एक किलो कापडाला दहा लिटर पाणी लागत असेल आणि नव्या यंत्रात ते पाच लिटरवर येत असेल, तर गरम करायचे पाणी निम्मे होते. पाणीही वाचते आणि सांडपाणीही कमी होते. सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर शेती, गावे, शहरे आणि उद्योग या सगळ्यांचा हक्क आहे अशा या जिल्ह्यात हा फायदा छोटा नाही.

मोटरींची गोष्ट साधी आहे. पंप आणि पंखा यांचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर त्यांना लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तरीही कित्येक ठिकाणी पंप पूर्ण वेगाने चालतो आणि प्रवाह कमी करायला पुढचा व्हॉल्व्ह आवळला जातो. मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारे उपकरण, म्हणजे व्हीएफडी, बसवणे हा तिथला उपाय. चोवीस तास चालणारी दहा हॉर्सपॉवरची मोटर वर्षभरात जेवढ्या रुपयांची वीज पिते, त्यात तशा कितीतरी नव्या मोटरी येतील. म्हणून जळालेली मोटर तिसऱ्यांदा रिवाइंड करून घेताना वाचलेले पैसे पुढच्या काही महिन्यांच्या बिलातच निघून जातात. खरेदी विभाग मोटरची किंमत पाहतो आणि चालवण्याचा खर्च दुसऱ्याच विभागाच्या नावावर पडतो. इथेही तीच शंभर पावले आडवी येतात.

आता खुद्द बिलाकडे यावे. उच्चदाब ग्राहकांना महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने आकारणी सुरू झाली. पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर नऊशे युनिटांच्या कामाला हजारांची नोंद होते. पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या कपॅसिटर बँकेतला एक कपॅसिटर मेला आणि महिनाभर कोणी पाहिले नाही, तर त्याची शिक्षा थेट युनिटांत मिळते. दुसरी गोष्ट मागणीची. सकाळच्या शिफ्टला सगळ्या यंत्रांची बटणे एकदम दाबली की त्या काही मिनिटांत मागणीचा आकडा उंच जातो आणि महिनाभराचा डिमांड चार्ज त्यावर ठरतो. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने यंत्रे सुरू करायला एक पैसाही लागत नाही, लागतो तो सुपरवायझरने लिहिलेला क्रम. तिसरी गोष्ट वेळेची. वर्षानुवर्षे रात्री दहा ते सकाळी सहा ही स्वस्त विजेची वेळ होती आणि अनेक कारखान्यांनी पाळ्या त्याप्रमाणे लावल्या. सौर वीज वाढली तसे चित्र पालटले. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग ठेवण्याचे तत्त्व घालून दिले, आणि महाराष्ट्रातही जुलै २०२५ पासूनच्या दररचनेत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हे तास सवलतीचे केले गेले. जुन्या सवयीने रात्रीच विहिरीचा पंप आणि चिलर चालवणाऱ्याने दरपत्रक पुन्हा वाचावे. ते बदलत राहणार आहे, म्हणून ते वाचणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे.

ही गोष्ट कारखान्यांपुरती नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि पुढे कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. अशा कार्यालयांत दहा तास चालणारी जुनी चोकवाली ट्यूब काढून एलईडी लावली तर एका ट्यूबमागे वर्षाला नव्वदच्या आसपास युनिटे वाचतात. पंचाहत्तर वॅटच्या पंख्याजागी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर एकशे पस्तीस. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. याच कारणासाठी १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीतील एसींचे मूळ तापमान चोवीस अंश ठरवून दिले आहे. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत चोवीसवर एसी आणि सोबत मंद पंखा हे सोळा अंशांपेक्षा सुखाचेही असते.

जपानने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. २००५ मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने ‘कूल बिझ’ मोहीम काढली. उन्हाळ्यात कार्यालयांत एसी अठ्ठावीस अंशांवर, आणि कर्मचाऱ्यांना टाय-कोटातून सुटका. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाचा अपघात झाला. तिथल्या अणुभट्ट्या आणि तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या एकाच जातकुळीच्या, उकळत्या पाण्याच्या, समुद्रकाठच्या. अपघातानंतर वीज अपुरी पडली आणि त्या उन्हाळ्यात तोक्यो आणि तोहोकु भागातल्या मोठ्या ग्राहकांवर पंधरा टक्के कपातीचे कायदेशीर बंधन आले. मोटार कारखान्यांनी आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारवर नेली आणि शनिवार-रविवारी काम केले, म्हणजे भार वाटला गेला. संकट आल्यावर जे आठवड्यांत जमले, ते संकट नसताना जमवायला फक्त इच्छा लागते.

लहान कामाची जागाही यात आली पाहिजे. चिंचणी, वरोर, वाढवण या किनाऱ्यावरच्या गावांत दागिन्यांसाठी लागणारे डाय घडवण्याचा घरगुती व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पोलादाच्या तुकड्यावर केसाएवढ्या रेषा कोरणाऱ्या कारागिराला खोलीभर उजेड नको असतो. त्याला हातावर, नेमक्या कोनातून पडणारा, सावली न देणारा उजेड हवा असतो. टेबलावरचा आठ-दहा वॅटचा चांगला एलईडी दिवा त्याचे काम आणि त्याचे डोळे दोन्ही सांभाळतो. मोठ्या कारखान्यांतल्या तपासणी टेबलांनाही हेच लागू आहे. छतावरच्या दिव्यांची संख्या वाढवण्यापेक्षा दिवा कामाजवळ आणावा. सातपाटीसारख्या बंदरांवर पापलेट टिकवायला बर्फ लागतो. बर्फाच्या कारखान्यात कंडेन्सरच्या नळ्या क्षाराने भरल्या की अमोनियाच्या कंप्रेसरला जास्त दाबावर राबावे लागते. नळ्या वेळच्या वेळी घासून काढणे ही तिथली पहिली वीजबचत.

आता एक इशारा दिला पाहिजे, कारण तारापूरमध्ये त्याची गरज आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा भरणाऱ्या ब्लोअरला लागते. रात्री ते ब्लोअर बंद ठेवून वाचवलेली वीज ही बचत नव्हे. ती खाडीची, मासेमाराची आणि विहिरीचे पाणी पिणाऱ्या गावाची लूट आहे. तीच गोष्ट स्क्रबरची, एक्झॉस्ट पंख्यांची, रिअ‍ॅक्टर थंड ठेवणाऱ्या पंपांची. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी या वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यातल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. सुरक्षेच्या यंत्रणेला हात लावून एक युनिटही वाचवायचे नाही, हा नियम ऊर्जाबचतीच्या प्रत्येक बैठकीत सर्वांत आधी वाचला गेला पाहिजे. ब्लोअरची वीज वाचवायचा प्रामाणिक मार्गही आहे. बारीक बुडबुड्यांचे डिफ्यूजर बसवावेत, पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावावा आणि त्याप्रमाणे व्हीएफडीने वेग बदलावा. पाणीही शुद्ध होते आणि बिलही उतरते.

कायदा काय सांगतो? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. २०१२ पासून ‘पॅट’ योजनेत मोठ्या उद्योगांना बचतीची उद्दिष्टे दिली गेली. पहिल्या फेरीत ४७८ उद्योग होते आणि त्यांनी मिळून उद्दिष्टापेक्षा जास्त बचत केली. बंधन घातले की होते, हे त्यातून दिसले. पण तारापूरमधले बहुसंख्य लघुउद्योग या बंधनाच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी सवलती आहेत. राज्यात ऊर्जाबचतीचे काम पाहणारी संस्था म्हणजे पुण्याची महाऊर्जा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘अदिती’ योजनेत ऊर्जाबचतीच्या यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म आणि लघुउद्योगांना पाच टक्के, मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याजसवलत ठेवली आहे. तिच्या चौदा उद्योगक्षेत्रांत वस्त्रोद्योग, रसायने, औषधे, पोलादाचे री-रोलिंग आणि मत्स्योद्योगही आहे. म्हणजे जवळजवळ सगळा बोईसर आणि सगळे सातपाटी त्यात बसते. कारखानदारांच्या संघटनेने या योजनेचे अर्ज भरून देणारा एक माणूस आपल्या कार्यालयात बसवला तर छोट्या उद्योजकाची अर्धी अडचण दूर होईल.

राहिला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, माणसांचा. बॉयलर अटेंडंट, फिटर, कंत्राटी हेल्पर यांना कारखान्यातली प्रत्येक गळती ठाऊक असते. ते सांगत नाहीत, कारण कोणी विचारत नाही आणि सांगितल्याने त्यांचे काही भले होत नाही. उलट मशीन थांबवली म्हणून बोलणी बसतात. बचतीच्या रकमेतला ठरलेला हिस्सा त्या विभागातल्या कामगारांना, कंत्राटी कामगारांसह, बोनसबरोबर मिळाला पाहिजे. तो उपकार म्हणून देऊ नये, बचत त्यांच्या हातून होते म्हणून तो त्यांचा वाटा आहे.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने पालघर, बोईसर आणि तारापूरच्या प्रत्येक कारखानदाराला आणि कार्यालयप्रमुखाला एक विनंती आहे. दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. त्या दिवशी पोस्टर आणि शपथ यांवर थांबू नका. मागच्या बारा महिन्यांची वीज आणि इंधनाची बिले, प्रति किलो किंवा प्रति मीटर उत्पादनाचा खर्च काढून, टाइम ऑफिसजवळ कामगारांना वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत लावा. त्याच आठवड्याच्या सुट्टीत कंप्रेसरची गळती मोजा. प्रत्येक विभागाला स्वतंत्र सबमीटर बसवा आणि त्याच्या आकड्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. महिन्यातून एकदा अकाउंटंटला शॉप फ्लोअरवर न्या आणि फिटरला बिलासमोर बसवा. या चार कामांना मोठे भांडवल लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. ती पुढच्या महिन्याच्या बिलाआधी सुरू करता येतात.